रात्रीच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. म्हणून पत्र. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि माझ्या आगाऊपणाचे भाग गाळू नकोस.

आधी कबुली देऊन टाकते. मागच्या वेळी आले होते तेव्हा बाबा दुपारचे झोपलेले असताना मी कपाटातली डोळ्यांची फाइल काढली आणि सगळ्या कागदांचे फोटो घेतले. विचारलं नाही. विचारलं असतं तर "डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आहे, उगाच काळजी करतेस" असं ऐकून मी गप्प बसले असते. ते कागद मी इथे काचबिंदूच्या एका डॉक्टरांना दाखवले. आणि आता त्याहून मोठा गुन्हा: पुढच्या महिन्यात बाबांच्या दंडाला चोवीस तास बीपीचं यंत्र बांधायचं आहे, त्याची तारीख मी परस्पर घेऊन टाकली आहे. मी स्वतः येते आहे, तीन आठवडे. रजा मंजूर झाली आहे, त्यामुळे "कशाला धावपळ" म्हणायची सोय उरलेली नाही.

बाबा, तुमच्या डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही हो. त्यांनीच काचबिंदू पकडला, आणि इथल्या डॉक्टरांनीही थेंब तेच चालू ठेवा म्हणून सांगितलं. त्यांनी वेगळा असा एकच प्रश्न विचारला. "बीपीची गोळी किती वाजता घेतात?"

उत्तर मला पाठ होतं. रात्री, दात घासल्यावर. कारण ती वेळ मीच ठरवली होती. सकाळच्या गडबडीत तुमची गोळी राहून जायची, आणि अप्पाकाकांच्या त्या पक्षाघाताच्या सकाळनंतर मी घाबरले होते. डबीवरची "दात झाले? आता गोळी" ही चिठ्ठीही माझ्याच अक्षरातली. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा ती चिठ्ठीच डोळ्यांपुढे होती.

आता नीट सांगते. तुम्ही आयुष्यभर खतावण्या लिहिल्यात, तर हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. डोळ्याचं प्रेशर साधारण 10 ते 21 असलं की नॉर्मल म्हणतात. तुमचं 15. तुम्ही तेवढाच आकडा बघता आणि फाइल बंद करता. पण दिसलेलं मेंदूपर्यंत नेणाऱ्या डोळ्याच्या नसेला रक्त मिळतं ते जमा वजा खर्च करून जे उरतं त्यावर. जमेची बाजू म्हणजे बीपी, रक्त आत ढकलणारं. खर्चाची बाजू डोळ्याचं प्रेशर, त्याला अडवणारं. बसलेल्या माणसासाठी डॉक्टर असं मोजतात: बीपीच्या खालच्या आकड्यात दोन आकड्यांमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा, त्याचे दोन तृतीयांश घ्यायचे आणि त्यातून डोळ्याचं प्रेशर वजा करायचं. 120/80 असेल तर 93, त्याचे दोन तृतीयांश 62, वजा 15, उरले 47. आता तुमचं ते लाडकं "शंभर-साठ, अगदी तरुणासारखं" घ्या. 73, मग 49, वजा 15, उरले 34. प्रेशर तेच पंधरा आणि शिल्लक मात्र एवढी कमी. करून बघा. तुम्ही करून बघणारच.

हे झालं दिवसाचं. झोपेत बहुतेकांचं बीपी 10 ते 20 टक्के उतरतं, तसं उतरायलाच हवं. आडवं झालं की डोळ्याचं प्रेशर मात्र थोडं चढतं. म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त, तेही रोज, कुणी बघत नसताना. निरोगी डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद-अरुंद होत हे सांभाळून घेतात. काही जणांच्या काचबिंदूत हे सांभाळणंच ढिलं पडतं. त्यात झोपताना घेतलेल्या गोळीने बीपी वीस टक्क्यांपेक्षाही जास्त उतरलं, तर पहाटेपर्यंत नस उपाशी. तुमच्या बाबतीत तसंच होतंय असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. रात्रीचे आकडे कुणी पाहिलेच नाहीत, ते पाहू या, एवढंच म्हणाले. यंत्र त्याचसाठी.

काळजी उगाच नाही हे मला त्या फील्डच्या, म्हणजे नजर कुठवर पोचते त्या तपासणीच्या, कागदांवरून कळलं. उजव्या डोळ्याचा काळा डाग दोन वर्षांत पसरलाय. अंधाऱ्या खोलीत ठिपका दिसला की बटण दाबायचं, त्याचा तुम्हाला कंटाळा येतो, म्हणून डाग येतो, असं तुम्ही म्हणता. एकदा मानलं असतं. पण तीन वेळा बरोब्बर त्याच जागी कंटाळा येत नाही, बाबा. आणि नस सुकली की गेलेलं परत येत नाही. मोतीबिंदूसारखं काढून टाकून मोकळं होता येत नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये. जे शाबूत आहे ते भरपूर आहे, आणि तेच जपायचंय.

आता ज्या गोष्टीसाठी तीन वेळा हे पत्र फाडलं ती. शीर्षासन बंद करायचं. तुम्ही रागवाल हे माहीत आहे. मी पाच-सहा वर्षांची असताना भिंतीशी तुमचे घोटे धरून आकडे मोजायचे. शंभरपर्यंत मोजायला मी शाळेत शिकलेच नाही, तुमच्या पायांशी शिकले. साठ झाले की मुद्दाम पुन्हा पन्नासवर यायचे आणि तुम्ही खालून म्हणायचात, "ठके, चोरी!" त्या आसनाबद्दल कुणी वाईट बोललं की मलाच लागतं. पण डोकं खाली आणि पाय वर केले की डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. तुमचे पंधराचे तीस. खाली उतरल्यावर ते लगेच पूर्ववत होतं हे खरं, पण नसेने तेवढी मिनिटं रोज का सोसायची? सर्वांगासन आणि ओणवं होऊन बराच वेळ राहायची आसनंही नकोत. प्राणायाम करा, फक्त श्वास कोंडून धरू नका. बाकी हातापायांचं सगळं तसंच चालू दे.

आणि चालणं तर सोडायचंच नाही. भराभर चालण्याने डोळ्याचं प्रेशर थोडं खाली येतं आणि रक्तवाहिन्याही बऱ्या राहतात. म्हणजे ज्याचा आईला राग येतो, ते तुमचं लांबचा फेरा घालून येणं, त्याला आता माझी लेखी परवानगी आहे. चहा-कॉफीही राहू दे. कॅफिनने प्रेशर किंचित वाढतं, काही वेळाने उतरतं. रोजच्या दोन कपांवर मी काही बोलणार नाही, सलग तीन नकोत. तुमची खुर्ची, रेडिओ, दुपारची झोप, कशालाच हात लावत नाही. पलंगाला मात्र लावणार आहे. डोक्याकडची बाजू थोडी उंच करून घेऊ. उशीवर उशी रचू नका, त्याने मान दुमडते. उजवीकडे तोंड उशीत खुपसून झोपायची तुमची सवय मला ठाऊक आहे. खालच्या डोळ्यावर दाब जास्त येतो, आणि तुमचा उजवाच दुखरा. डाव्या कुशीवर वळा, नाहीतर उताणे झोपा.

सकाळी उठल्याबरोबर लिटरभर पाणी गटागटा प्यायचं, तेही आता थांबवा. काचबिंदूच्या रुग्णाचं प्रेशर किती चढतं ते बघायला डॉक्टर मुद्दाम हीच परीक्षा घेतात, पाच मिनिटांत लिटरभर पाणी पाजून. तुम्ही घरबसल्या रोज ती देताय. तेवढंच पाणी तासाभरात घोट घोट घ्या. भरलेली बादली उचलू नका, उचललीच तर श्वास रोखू नका. पोट साफ होत नसेल तर कुंथत बसू नका, औषध घ्या. (आई हे वाक्य गाळणार. गाळू नकोस.) शर्टाचं वरचं बटण गळ्याशी आवळून लावता, ते सैल ठेवा. मानेतून रक्त परत जायची वाट अडली की तेही प्रेशरवरच येतं.

थेंबांचं. घातले की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. नाहीतर औषध नाकातून रक्तात जातं, आणि तुमच्या थेंबांतलं टिमोलोल रक्तात गेलं की नाडी आणि बीपी दोन्ही उतरवतं. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

गच्चीवर जिन्यामागे कधीतरी असणाऱ्या "फक्त एका" सिगारेटबद्दल आईला केव्हापासूनच माहीत आहे. ती बोलत नाही, कारण तिला वाटतं तुम्ही मनाने सोडाल. मी बोलते. निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. आधीच 34 शिल्लक आणि त्यात हे.

आई, आता तुझी पाळी. डोळा चुरचुरला की जुन्या बाटलीतले लालीवरचे थेंब घालतेस ना? त्यात स्टेरॉइड आहे. ते न विचारता घालत राहिलं तर काही जणांचं प्रेशर हळूहळू वाढतं, दुखतही नाही, कळतही नाही. बाटली फेकून दे. मी येईपर्यंत कशाला म्हणायचं नाही, आज फेक. आणि तुझीही तपासणी मी त्याच आठवड्यात लावली आहे. शुगर असलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा दरवर्षी बघायचा असतो, तू तीन वर्षं बाबांच्या मागे बाहेरच्या बाकावर बसून परत येतेस.

बाबा, एक आठवतं का? गच्चीवर उताणं पडून आपण निळं आभाळ बघायचो, तेव्हा मला इवले इवले चमकते ठिपके वळवळत पळताना दिसायचे. मी म्हणायचे आभाळात किडे आहेत. आई म्हणायची उन्हाने डोळे दिपले, आत या. तुम्ही एकटे म्हणालात, "मलाही दिसतात." मला वाटायचं तुम्ही माझी समजूत काढता. परवा डॉक्टरांकडे तशाच ठिपक्यांचं चित्र भिंतीवर होतं म्हणून विचारलं. ते ठिपके म्हणजे आपल्याच पडद्यातल्या केशवाहिन्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. तांबड्या पेशी निळा उजेड शोषून घेतात, पांढऱ्या तो आरपार जाऊ देतात, म्हणून त्या उजळ ठिपक्यासारख्या दिसतात, आणि नाडीच्या ठेक्यावर पळतात. अगदी मधोमध मात्र एकही ठिपका नसतो, कारण तिथे केशवाहिन्याच नसतात. म्हणजे तेव्हा आपण दोघं आपापल्या डोळ्यातलं रक्त वाहताना बघत होतो. मी आल्यावर पुन्हा बघू, सूर्याकडे पाठ करून.

एक मात्र अगदी लक्षात ठेवा. कुठल्याही एका डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखं झालं, दुखत नसलं तरी, पाच मिनिटांत निवळलं तरी, उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच घटकेला मोठ्या हॉस्पिटलात. पक्षाघातासारखंच ते, फक्त डोळ्यातलं. अप्पाकाका सकाळी त्रास होऊनही दुपारचं जेवून मग हॉस्पिटलात निघाले होते.

आणि हे सगळं वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करायची नाही. वेळही आपल्या मनाने बदलायची नाही. सकाळी घ्यायची की रात्री, की कमी करायची, ते आकडे बघून डॉक्टर ठरवतील. तोवर दात, मग गोळी. चिठ्ठीही काढू नका. मी लावली आहे, मीच काढेन.

तुमची,
ठकी

ता. क. आई, बाबा घोरता घोरता मध्येच गप्प होतात आणि मग दचकल्यासारखा श्वास घेतात का, ते दोन-तीन रात्री ऐकून ठेव. श्वास अडला की डोळ्याचाही ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलंय. किती वेळा होतं ते वहीत लिही. त्यांना उठवून भांडू नकोस.