आईच्या गुडघ्यावर अडलेली नोकरी

प्रिय आई-बाबा,

सा. नमस्कार. फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं" म्हणतात आणि आई फोन घेऊन जेवणाचं विचारते. म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघं मिळून वाचा, आणि मामाला दाखवू नका. तो लगेच म्हणेल, "बायोडेटात दर वर्षी नवी कंपनी, स्थळं काय म्हणतील?"

बंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. चाकणच्या नोकरीत मी अजून प्रोबेशनवरच आहे. तरी इतक्या लवकर दुसरीकडे बघायला का लागले, ते सांगते.

मला इथे घेतलं ते बॅटरी टेस्टिंगसाठी. दुचाकीच्या बॅटरीला एआयएस-१५६ नावाचं मानक लागतं. त्यात एक चाचणी अशी असते की बॅटरीतला एक सेल मुद्दाम तापवून पेटवायचा आणि आग शेजारच्या सेलपर्यंत जाते का, जात असेल तर किती वेळात, ते पाहायचं. बाहेर आग किंवा स्फोट व्हायच्या आधी गाडीवरच्या माणसाला इशारा मिळून उतरायला किमान पाच मिनिटं मिळायला हवीत. सगळी धडपड त्या पाच मिनिटांसाठी. हे काम मला जमतं आणि आवडतंही. पण इथली लॅब अजून उभीच राहिलेली नाही. टेस्टचा चेंबर येऊन पडलाय, त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, कारण विजेच्या वाढीव लोडची मंजुरी अडकली आहे. तोवर मी दुसऱ्यांनी केलेल्या टेस्टचे आकडे पीपीटीत भरते. साहेब भले आहेत. विचारलं की "पुढच्या महिन्यात" म्हणतात. हे मी रुजू झाले तेव्हापासून ऐकतेय. बंगळुरूला लॅब चालू आहे, मी स्वतः जाऊन पाहून आले.

आता पैशाचं, कारण बाबा आधी तेच विचारणार. इथे १४ लाख, तिथे साडेअठरा. ऐकायला मोठं वाटतं, पण त्यातले अडीच लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात धरलेली. हातात महिन्याला चौदा-पंधरा हजार जास्त येतील आणि तेवढे तिथलं घरभाडं खाऊन टाकेल. मोशीत मी आणि रूममेट मिळून राहतो तसं तिथे लगेच जमणार नाही, शिवाय डिपॉझिट पुण्यापेक्षा बरंच जास्त मागतात. म्हणजे पैशासाठी जायचं तर जाऊच नये.

पीएफ काढणार नाही, बाबा. पीएफचा नंबर (यूएएन) तोच राहतो, खातं नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करायचं. मध्येच काढला आणि सलग पाच वर्षं भरली नसली तर टॅक्स लागतो. एसटीत उभा जन्म घालवून तुमच्या हातात पीएफवाल्यांच्या ईपीएस-९५ योजनेची केवढीशी पेन्शन पडते आणि महिना किमान साडेसात हजारांच्या मागणीसाठी तुम्ही या वयात मोर्चाला जाता, ते मी बघतेच आहे. एकाच ठिकाणी चिकटून राहिलं की म्हातारपण सुखाचं जातं, हे निदान आपल्या घरात तरी कुणी मला सांगू नये. (रागावू नका.)

इथला जॉइनिंग बोनस, लाख रुपये, परत करावा लागेल. तो आम्ही भरून देऊ, असं नवी कंपनी तोंडी म्हणाली. मी ऑफर लेटरमध्ये लिहून मागितलंय. ते आल्याशिवाय राजीनामा देणार नाही.

म्हणजे मन जवळजवळ झालंय. अडलंय ते आईच्या गुडघ्यापाशी.

इथल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं आहात, पाच लाखांपर्यंत. आईची शुगर आणि गुडघे पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत. बंगळुरूची कंपनी आई-वडिलांना घेत नाही. माझा इथला शेवटचा दिवस संपला की तुमचं कव्हरही संपलं. बाहेरून नवी पॉलिसी घेता येते, २०२४ पासून वयाची अटही नाही; पण जुन्या आजाराला आणि सांधे बदलायच्या ऑपरेशनला तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. सरकारच्या आयुष्मान योजनेचं कार्ड आपल्यासारख्यांना सत्तरीनंतर. तुम्ही अजून दोघंही त्यात बसत नाही. याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलं तर इथला आधीचा काळ त्या तीन वर्षांत धरून घेतात का, ते मी एचआरला विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

आई, डॉक्टरांनी उजवा गुडघा बदलायला सांगून किती महिने झाले? तू आधी पावसाळा म्हणालीस, मग दिवाळी. जिना उतरताना तू आडवी होऊन एकेक पायरी उतरतेस, ते गणपतीत मी पाहिलं. ऑपरेशन करायचंच असेल तर या कव्हरमध्येच होऊ दे. माझ्या नोकरीसाठी घाईने कर असं मी म्हणत नाही. नको असेल तर तसं स्पष्ट सांग, मी इथेच थांबते आणि लॅबची वाट बघते. फक्त "आमचं काय, तू तुझं बघ" एवढं म्हणू नकोस. त्याने मला काहीच ठरवता येत नाही.

वेळ कमी आहे. प्रोबेशनमध्ये नोटीस एक महिन्याची, पुढच्या महिन्यात कन्फर्म झाले की तीन महिन्यांची, आणि तितकं कुणी थांबत नाही.

आणि बंगळुरू लांब म्हणून आई रडायला बसेल, तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री तिथून सुटते आणि दुसऱ्या दिवशी मिरजेत येते. चाकणहून शुक्रवारी संध्याकाळी निघून ट्रॅफिकमध्ये अडकत मी घरी किती वाजता पोचते, ते बाबांना माहीत आहे.

बाबा, या आठवड्यात आईला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. जुना एक्स-रे कपाटात वरच्या खणात, एलआयसीच्या फाइलखाली आहे. कॅशलेस होतं का आणि तारीख कधीची मिळते, एवढं विचारून मला कळवा. मला सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

तुमची,
मनू

ता. क. मेडिक्लेमच्या कार्डाचा फोटो बाबांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलाय. त्यावर आईचं वय दोन वर्षांनी कमी पडलंय, ते दुरुस्त करून घेतेय. आधार कार्डाचा नीट फोटो पाठवा, मागच्या वेळी अर्धा अंगठाच आला होता.