त्या कुत्र्याचं डिपॉझिट घेऊ नकोस

सांगली

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अमेरिकेत एडिसन गावात भाड्याने द्यायच्या तुझ्या घराचं सांगितलंस, ते मनातून जात नाही. घर बघायला आलेल्या बाईंना पॅनिकचा त्रास आहे, त्यासाठी मनाला आधार म्हणून त्या कुत्रं सोबत ठेवतात, डॉक्टरांची चिठ्ठीही त्यांनी दाखवली. तरी तू म्हणालास, ‘प्राणी चालत नाहीत, आणायचाच तर पाचशे डॉलर जादा द्या.’

अरे, कायद्याने असं आधाराचं कुत्रं हा पाळीव प्राणी नाहीच. घर देताना भेदभाव नको, असं सांगणारा तुमचा फेअर हाउसिंग कायदा १९६८चा. १९८८च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्व आलं, मनाचे आजारही त्यात धरतात. अशा भाडेकरूसाठी मालकाने आपल्या नियमाला वाजवी मुरड घालायची असते. आधाराच्या कुत्र्याचं ना वेगळं डिपॉझिट, ना जादा भाडं. ट्रेनिंग झालेलंच कुत्रं हवं, हा नियम दुकाना-हॉटेलांचा. राहत्या घराला तो लागत नाही. चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर केंद्राच्या कायद्यात सूट आहे, पण तू तिथे राहत नाहीस आणि घर एजंटकडे दिलंयस.

नेटवर पैसे भरून मिळणाऱ्या सर्टिफिकेटांची तुझी भीती खरी आहे. म्हणून बाईंना खरोखर ओळखणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी बघ, पण आजार खोदून विचारू नकोस. कुत्र्याने दार ओरबाडलं तर नेहमीच्या डिपॉझिटमधून कापून घे. तेच कुत्रं चावरं निघालं तर नाही म्हणता येतं, नुसती जात बघून नाही.

नानाकाकांचं तुला कधी सांगितलं नाही. दृष्टी गेल्यावर ते पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायचे. मालकाने बजावलं, रात्री जिन्यात काठीची टकटक नको. काकांनी सायकलची जुनी ट्यूब कापून काठीच्या टोकाला गुंडाळली. पण त्यांना पायरी कुठे संपते ते त्या आवाजावरूनच कळायचं. तिसऱ्या आठवड्यात पडले, मनगट मोडलं. प्लास्टर ओलं होतं तोवर मी त्यांचा हात धरून बसलो होतो. संध्याकाळी जिन्यात मालक भेटला, ‘कसे आहेत?’ म्हणाला. मी ‘बरे आहेत’ म्हणून वर गेलो. त्याला तेव्हाच सुनवायला हवं होतं.

आजच त्या बाईंना फोन कर. कुत्र्याचं नाव विचारून मला कळव.

तुझे,
बाबा