इस्त्री केलेला शर्ट

प्रिय बाळा,

सलाम आणि खूप खूप आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, माझाच विश्वास कमी पडला का गं?" तेव्हा माझा गळा दाटून आला आणि काही बोलता आलं नाही. तिकडच्या प्रार्थना सभेत कुणीतरी तुला म्हणालं, की संशय न धरता मागितलं असतं तर पप्पा उठले असते. ते बोलणं तू चार महिने एकटीने उराशी धरून बसलीस, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आता माझं ऐक. त्या शनिवारी रात्री मी दवाखान्यातून घरी आले आणि पप्पांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. कॉलरवर पाणी शिंपडून, बाह्यांची कड त्यांना लागायची तशी पाडून तो कपाटाच्या दाराला टांगला. उद्या नाही तर पुढच्या रविवारी उपासनेला घालतील म्हणून. डॉक्टरांनी आशा सोडली होती, मी सोडली नव्हती. पहाटे ते प्रभूजवळ गेले. त्यांना लग्नातला कोट घातला. शर्टाला हात लावायचं माझ्याने झालं नाही. सांग, आपल्या घरात अपेक्षा कमी होती का?

प्रेषितांची कृत्ये, 12वा अध्याय काढ. हेरोद राजाने येशूच्या शिष्याला, पेत्राला, तुरुंगात टाकलंय. दोन साखळ्या, दोन्ही बाजूंना शिपाई, पहाऱ्यावर चार-चारांच्या चार टोळ्या. इकडे मार्कच्या आईच्या घरी मंडळी जमून प्रार्थना करतेय. रात्री दारावर थाप पडते. रुदा नावाची मुलगी जाते, पेत्राचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले काय म्हणतात? तू वेडी आहेस! ज्याच्यासाठी गुडघे टेकले होते तो दारात उभा, आणि यांना खरं वाटेना. पेत्र बिचारा बाहेर थापा मारतोय. इतक्या लटपटत्या विश्वासाची प्रार्थना देवाने ऐकली, बाळा. हा अध्याय वाचताना मला दर वेळी धीर येतो.

पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, दुसऱ्याच वचनात, योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला गेलाय. मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना केली नसेल, असं मला वाटत नाही. त्याच्या वेळी विश्वास थोडा होता आणि पेत्राच्या वेळी वाढला, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. एक सुटला, एक गेला. का, ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने सांगितलं नाही, आणि मीही तुला सांगू शकत नाही.

नासरेथात, स्वतःच्याच गावात, लोकांच्या अविश्वासाचं प्रभूला आश्चर्य वाटलं, हेही शास्त्रात आहे, ते मी झाकत नाही. पण ती माणसं त्याला पाहून अडखळली, त्याच्यापाशी मागायला आली नाहीत. तू तर रात्र रात्र मागत होतीस. त्या आजारी मुलाच्या बापाने एका दमात दोन्ही सांगितलं, की विश्वास धरतो आणि माझ्या अविश्वासातही मला सांभाळ. येशूने त्याला आधी संशय काढून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा मागितलं, तरी तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

तू सहावीत असताना आपण केडगावला मुक्ती मिशनमध्ये गेलो होतो, आठवतं? पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना तिथे आसरा दिला. त्यांच्या अन्नासाठी, विहिरींच्या पाण्यासाठी बाई देवापुढे हात पसरायच्या, आणि मिळेल या भरवशावर मुलींना आणायच्या. पण पुढे काम जिच्या हाती सोपवायचं ती मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, 1921 साली त्यांच्या आधी गेली. त्यानंतर बाई वर्षभरही राहिल्या नाहीत. तेवढ्या काळातही बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी हातातून सोडलं नाही. पूर्वी मला ही नुसती मोठ्या बाईंची गोष्ट वाटायची. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा त्या आई म्हणून डोळ्यांपुढे येतात.

मला देवाचा राग आला होता, तेही तुला सांगते. दोन आठवडे जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा तोंडातून निघेना. शेजारच्या मावशी येऊन माझ्या ताटासमोर बसून प्रार्थना करायच्या आणि मी नुसती डोळे मिटून ऐकायचे. मग एके दिवशी आमेन म्हटलं. तुझ्याने होत नसेल तर तूही सध्या तेवढंच म्हण. बाकीचं मी म्हणते आहे, रोज, तुझं नाव घेऊन.

बुधवारी दादाची मुलाखत आहे. त्याच्यासाठी माग, आणि मिळेल असं धरून माग. पप्पांचा तो शर्ट काल दारावरून काढला. खांद्यांत दादाला अगदी बरोबर बसतो. धुऊन, इस्त्री करून पुन्हा तिथेच टांगलाय.

तुझी,
आई