ल्युब्लिनच्या यशिवेतला जेवणाचा प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रब्बी (ज्यू धर्मपंडित) मेयर शापिरो (१८८७–१९३३) यांच्यावरील लेख आवडला. मराठीत या विषयावर क्वचितच कोणी लिहिते, म्हणून आनंद अधिक. पण लेखात त्यांना ‘ज्यू पुजारी’ म्हटले आहे, आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे ज्या कामात गेली त्याचा, म्हणजे पोलंडमधल्या ल्युब्लिन शहरी त्यांनी काढलेल्या यशिवेतल्या (ज्यू धर्मग्रंथांच्या पाठशाळेतल्या) मुलांच्या जेवणाखाण्याच्या सोयीचा, उल्लेखही नाही. याबद्दल थोडे लिहितो.

यशिवेचा प्रमुख, रोश यशिवा, हा पूजाविधी करणारा माणूस नव्हे. आपल्याकडच्या बेने इस्रायल समाजात यशिवेची परंपरा नव्हती, सिनेगॉगातली प्रार्थना हज्जान चालवत आला, म्हणून हे पद इथे अपरिचित आहे. रोश यशिवाचे मुख्य काम तल्मूदचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरील चर्चांच्या मोठ्या ग्रंथसंग्रहाचा, पाठ घेण्याचे. पाठाआधी मुले दोघादोघांच्या जोडीने मजकूर फोडतात. पानाच्या मधोमध मूळ मजकूर, बांधणीकडच्या समासात राशी नावाच्या मध्ययुगीन पंडिताचे भाष्य, बाहेरच्या समासात तोसाफोत, म्हणजे त्यांच्यानंतरच्या पंडितांच्या टिपा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने अडवायचे. त्यामुळे पाठाला बसलेल्या मुलाला मजकूर आधीच ठाऊक असतो. प्रमुखाने बोलायला सुरुवात केली की कोणीतरी दुसऱ्या ग्रंथातले विरोधी वचन पुढे टाकतो, आणि त्याचे उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. अडवणूक झालीच नाही, तर पाठ फसला असे समजावे.

आता जेवणाचा प्रश्न. पूर्व युरोपातल्या यशिवांत गरीब मुले वार लावून जेवत. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वाराने जेवत तशीच पद्धत: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सातही वार मिळतीलच असे नसे. रिकाम्या वारी भाकरीच्या तुकड्यावर भागवायचे. रात्री अभ्यासगृहातल्या बाकांवरच झोप. घरोघर फिरण्यात वेळ जाई, यजमानाच्या मर्जीवर दिवस अवलंबून राही, अपमान होई तो निराळाच. रब्बी हाइम यांनी १८०३ च्या सुमारास व्होलोझिन या गावी (आजच्या बेलारूसमध्ये) यशिवा काढली तेव्हा हा प्रकार मोडायचा पहिला मोठा प्रयत्न केला. गावावर भार न टाकता दूरदूरच्या वस्त्यांत वर्गणी गोळा करणारे दूत धाडले आणि मुलांना रोख रक्कम दिली. तरी मुले राहायची गावकऱ्यांच्या घरीच.

शापिरो यांनी पुढचे पाऊल टाकले: अभ्यास, झोप आणि जेवण एकाच छपराखाली. मे १९२४ मध्ये ल्युब्लिनच्या लुबार्तोव्स्का रस्त्यावर पायाभरणी झाली आणि जून १९३० मध्ये सहा मजली इमारत उघडली. मधली सहा वर्षे मुख्यतः पैशापायी गेली. स्वतः शापिरो अमेरिकेत वर्गणीसाठी सुमारे वर्षभर फिरले. प्रवेशाची अट होती तल्मूदची २०० पाने, दोन्ही बाजू धरून, तोंडपाठ. पण घोडे अडले ते पुढे. इमारतीला देणगी एकदा मिळते. पाव, कोळसा, दिवे यांचा खर्च रोजचा असतो, आणि यशिवा उघडली तीच जागतिक मंदीत. देणाऱ्यांचेच हात आखडले. ऑक्टोबर १९३३ मध्ये ४६ व्या वर्षी शापिरो वारले तेव्हा संस्था उघडून साडेतीन वर्षेही झाली नव्हती. विद्वान पुष्कळ होते. विद्वत्ता आणि वर्गणी दोन्ही पेलणारा माणूस मिळणे फार कठीण होते, आणि माझ्या मते या पदाची खरी कसोटी तिथेच आहे.

एक आकडाही दुरुस्त करावा. शापिरो यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ‘दफ योमी’, म्हणजे जगभरच्या ज्यूंनी रोज तल्मूदचे तेच एक पान वाचायचे, ही योजना मांडली. ११ सप्टेंबर १९२३ ला वाचन सुरू झाले. लेखात पहिल्या आवर्तनाची २,७११ पाने दिली आहेत. ती तेव्हा २,७०२ होती. शकालिम या भागासाठी १९७५ पासून वेगळी आवृत्ती धरली गेली; तिची पाने १३ ऐवजी २२, म्हणून नऊ वाढली. या योजनेमागचा हेतूही लेखात यायला हवा होता. यशिवांतून तल्मूदमधले ठरावीक थोडेच ग्रंथ शिकवले जात, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या यज्ञबळींविषयीचे ग्रंथ तर बहुतेक बंदच राहत. रोजच्या पानामुळे तेही उघडले जाऊ लागले.

सध्याचे चौदावे आवर्तन ७ जून २०२७ ला संपेल. त्या सुमारास आपण पुन्हा या विषयावर छापालच. तेव्हा ल्युब्लिनच्या इमारतीच्या छायाचित्राबरोबर तिथल्या जेवणघरावरही चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे