मधूनच थांबणारा माउस: अरुणला पत्र

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो: माउस मध्येच थांबतो म्हणून दुकानदार सांगतो तसा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य पाटी, बदलू नकोस. दुकानदाराला होकार देण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि यातलं एकेक करून बघ. मला खात्री वाटते की शे-दोनशे रुपयांच्या आतच तुझं काम होईल.

आप्पांच्या नमनाच्या, आपल्या कोकणातल्या त्या लोकनाट्याच्या, वह्या तू स्कॅन करायला घेतल्यास हे वाचून फार फार बरं वाटलं. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात चिपळूणच्या किती घरांतली कागदपत्रं गेली. तुमच्याकडच्या या वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, तरी ओल लागून कडेची शाई पसरलीच. आप्पांनी स्वतः रचलेल्या गवळणी दुसऱ्या कुणाकडे लिहिलेल्या नाहीत. तेव्हा हे काम माउसपायी अडता कामा नये, आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहितोय.

तू लिहितोस, कर्सर मध्येच जागच्या जागी थिजतो, काही सेकंदांनी भलतीकडे उडी मारतो आणि मग काही झालंच नाही असा चालतो. नवा माउस आणलास, तोही तसाच वागायला लागला. आता दोन वेगवेगळे माउस एकाच तऱ्हेने बिघडत असतील, तर दोष माउसात नाही हे दुकानदाराचं म्हणणं मलाही पटतं. पण तिथून थेट मदरबोर्डावर उडी मारणं मला पटत नाही. मध्ये बरंच काही आहे. माउसचा डाँगल, म्हणजे त्याचे संदेश पकडणारा यूएसबीचा इवलासा तुकडा आहे, तो ज्या पोर्टात खोचलाय तो पोर्ट आहे, त्या पोर्टाच्या शेजारी काय लावलंय ते आहे, विंडोजची वीज वाचवण्याची सेटिंग आहे, आणि तुझ्या टेबलावरची काचसुद्धा आहे. दोन्ही माउस वायरलेस, दोघांचे डाँगल एकाच जागी लावलेले, टेबलही तेच. म्हणजे माउस सोडून तू काहीच बदललेलं नाहीस.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी इतकी वर्षं काढली, त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अशाच येऊन-जाऊन राहणाऱ्या दोषांनी. पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं. जी मध्येच चालते, ती मेकॅनिकसमोर नेली की हमखास चालतेच. अशा वेळी ‘काय बिघडलंय’ हे विचारण्याआधी ‘कधी बिघडतं’ हे विचारायचं. माउस थांबला की घड्याळात बघून वेळ लिही आणि त्या क्षणी कॉम्प्युटरवर दुसरं काय चालू होतं तेही लिही. वहीचं एक पान यासाठी ठेव.

आणि तुझ्या पत्रातच एक ओळ आहे, तू सहज लिहून गेलास. “दिवसभराचं स्कॅनिंग संपवून सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला घेतलं की हा हमखास छळतो.” अरुण, मला वाटतं चोर इथेच आहे.

ती हार्ड डिस्क यूएसबी ३.० ची आहे. तिची वायर जिथे लावलीस त्या पोर्टाच्या आतली जीभ बहुतेक निळी असेल. यूएसबी ३.० मधून सेकंदाला पाच अब्ज बिट या वेगाने माहिती धावते, आणि एवढ्या वेगाने धावताना वायर, पोर्ट आणि डिस्कची डबी यांतून रेडिओलहरींचा गोंगाट बाहेर पडतो. हा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. तुझा माउस डाँगलशी बोलतो तो याच पट्ट्यावर, आणि तेही अगदी क्षीण आवाजात, कारण त्याला एका सेलवर महिनोन् महिने काढायचे असतात. नमनात मृदंग कानाशी घुमत असताना पलीकडच्या टोकाहून कुणी कुजबुजलं तर काय ऐकू येणार, तसं त्या डाँगलचं होतं. ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं आणि त्यात वायरलेस माउसचाच दाखला दिला होता. तरीही दुकानांत हे फारसं कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किती जणांनी विनाकारण माउसवर माउस विकत घेतले असतील!

तुझं सीपीयू टेबलाखाली आहे, हे मला गेल्या गणपतीपासून आठवतंय. डाँगल मागच्या बाजूला, हार्ड डिस्कच्या वायरीला जवळपास चिकटून, आणि माउस वर टेबलावर. मध्ये पत्र्याचं सबंध खोकं. म्हणजे आधीच क्षीण असलेला आवाज पत्रा अडवतो आणि उरलेला गोंगाटात बुडतो.

तेव्हा पहिली परीक्षा अशी कर. हार्ड डिस्कवर एखादा मोठा फोल्डर कॉपीला लाव आणि ते चालू असताना माउस गोल गोल फिरवत राहा. मग कॉपी पूर्ण होऊ दे, डिस्क रीतसर ‘सेफली रिमूव्ह’ करून वायरच काढून टाक, आणि तितकाच वेळ पुन्हा फिरव. मग परत डिस्क लाव. डिस्क लावली की अडखळतो आणि काढली की सुतासारखा सरळ, असं दोन्ही वेळा झालं तर विषय संपला. एकदाच झालं तर तो योगायोगही असू शकतो, म्हणून पुन्हा लावून बघणं टाळू नकोस. मात्र कॉपीच मध्ये तुटली, डिस्क आपोआप गायब होऊन परत आली, तर ती गोष्ट वेगळी. मग डिस्कची वायर खराब आहे, ती आधी बदल, कारण तिथे वह्यांच्या फायली धोक्यात आहेत. आणि काहीही असो, फायली ‘कट’ करून नेऊ नकोस, ‘कॉपी’च कर. तिकडे उघडून बघितल्याशिवाय इकडचं पुसू नकोस.

उपाय साधा आहे. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर मिळते, एक-दीड मीटरची. तिचं एक टोक सीपीयूला, शक्यतो काळ्या जिभेच्या यूएसबी २.० पोर्टात लाव, आणि दुसऱ्या टोकाला डाँगल लावून ते वर टेबलावर, माउसच्या जवळ आणून ठेव. वायर घेताना यूएसबी २.० चीच घे, डाँगलला त्याहून जास्त काही लागत नाही. हार्ड डिस्क शक्य तितकी लांब सरकव. वाय-फायचा राउटर सीपीयूच्याच डोक्यावर ठेवला असशील तर तोही हलव. तोही त्याच पट्ट्यावर बोलत असतो.

आता समज, डिस्क काढूनही माउस थांबतो. मग थांबण्याच्या क्षणी दोन गोष्टी बघ.

एक, कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाब. त्याचा दिवा लागतो-विझतो का? विंडोजचं बटण दाबल्यावर मेनू उघडतो का? उघडत नसेल तर माउस बिचारा निर्दोष आहे, सबंध कॉम्प्युटरच गुदमरलाय. थोडं सावरल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघड आणि डिस्कचा आकडा बघ. तो बराच वेळ शंभर टक्क्यांवर अडकून बसला असेल तर मला कळव, त्याचं औषध निराळं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कर्सर थिजला असताना माउसचं चाक फिरवून बघ, क्लिक करून बघ. पान वर-खाली सरकतंय, क्लिकही लागतंय, फक्त कर्सर हलत नाही, असं असेल तर डाँगल आणि लहरी सगळं ठीक आहे. मग तुझ्या टेबलाची काच! तिच्याखाली शाळेचं जुनं वेळापत्रक आणि पोरांचे फोटो आहेत ना, ती काच. आपण टायपिंग क्लासला होतो तेव्हाच्या माउसात रबरी गोळी असायची, ती काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचं काम तुझ्याकडे असायचं. आताच्या माउसात गोळीच्या जागी इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं काढतो, आणि चित्रातले बारीक कण कुठे सरकले त्यावरून माउस किती हलला ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला काहीच सापडत नाही. म्हणून माउसखाली पॅड घाल, नाहीतर साधा पुठ्ठा घाल. आणि माउस उलटा करून त्या कॅमेऱ्याच्या खाचेत केस वा धागा अडकलाय का ते बघ. एकच केस पुरतो.

चाक, क्लिक, कर्सर तिन्ही मेले असतील तर लहरी नाहीतर वीज. सेल काढून त्याच्या टोकांकडे आणि माउसमधल्या स्प्रिंगकडे बघ. कोकणातल्या हवेत त्या स्प्रिंगला फार लवकर गंज चढतो. माउस जरा आपटला की चालतो किंवा बंद होतो, ही याची खूण. खोडरबराने घासून साफ होतं. सेल पाझरून पांढरा थर आला असेल तर कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून पुसायचा, मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. आणि रिचार्जचे सेल वापरत असशील तर काही दिवस साधा अल्कलाइन सेल घालून बघ. रिचार्जचा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. काही माउसना ते कमी पडतं.

चहा घेऊन परत आलं की माउस मेलेला, काम सलग चालू असेल तर मात्र थांबत नाही, असं असेल तर विंडोज त्या पोर्टाची वीज तोडतंय. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाब, मग एम दाब, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर उघडेल. त्यात सगळ्यात खाली ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ असं दिसेल, त्याच्या पोटात ‘यूएसबी रूट हब’. तो उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’वर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं का, अशा अर्थाची जी ओळ आहे तिच्यापुढची खूण काढून टाक. रूट हब एकापेक्षा जास्त असतील, सगळ्यांची काढ. तुझं डेस्कटॉप आहे, त्यात वाचणाऱ्या विजेने काही मोठी बचत होत नाही.

यातलं करताना एका वेळी एकच बदल कर आणि निदान एक दिवस तसंच काम कर. वायर, सेल, पॅड, सेटिंग असं सगळं एका दुपारी बदललंस तर माउस सुधारेल कदाचित, पण कशाने ते कळणार नाही, आणि पुन्हा बिघडला की पुन्हा अंधारात.

शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून एक वायरवाला माउस दोन दिवस मागून आण. हा खरा पंच. तो त्याच कॉम्प्युटरवर न अडखळता चालला तर मदरबोर्डाचं भूत गेलं म्हणून समज. तोही वेगवेगळ्या पोर्टांत लावून अडखळला, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मात्र नीट चालला, तरच पोर्टाकडे नाहीतर मदरबोर्डाकडे बोट दाखवायचं. वायरवाल्याची एकच दुखरी जागा असते, वायर माउसात शिरते तिथली मान. तिथे वाकवून बघितल्यावर कर्सर मरत असेल तर आतली तार तुटलेली. माझं मत विचारशील तर या वह्यांचं काम होईपर्यंत वायरवालाच ठेव. दिसायला कसा का असेना, ना सेल, ना लहरी.

तोवर हाताशी असू दे म्हणून सांगतो: माउस थिजला तर घाबरून सीपीयूचं बटण दाबू नकोस, त्याने अर्धवट सेव्ह झालेलं पान जाईल. कंट्रोल आणि एस दाबलं की सेव्ह होतं. डाव्या बाजूचं ऑल्ट, डाव्या बाजूचं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबलंस तर विंडोज विचारेल, तिथे एंटर दाब. मग उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी कर्सर हलतो, पाच दाबलं की क्लिक होतं. हळू चालतं, पण काम अडत नाही.

एक्स्टेन्शन वायर चिपळुणात मिळाली नाही तर कळव, इथून कुरिअरने पाठवतो. रविवारी फोन करतो, तोवर ती हार्ड डिस्कची परीक्षा करून ठेव आणि वेळा लिहिलेलं पान जवळ घेऊन बस. आणि संकासुराचा प्रवेश असलेली वही स्कॅन झाली असेल तर तिची पहिली दोन पानं मला पाठव. आप्पा तो प्रवेश कसा रंगवायचे ते घरी पोरांना सांगत असतो, त्यांना ते आप्पांच्या अक्षरात दाखवायचंय.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप