गोधडी शिवणाऱ्या हातांची नावे लिहा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पारा उतरू लागला की नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या ३.५ अंशांची आठवण हमखास निघते. संत्री, हुरडा, हिवाळी अधिवेशन यांची चर्चाही दरवर्षी होते. परंतु याच दिवसांत महाल, इतवारी, पाचपावली अशा जुन्या वस्त्यांमधील गच्च्यांवर जी गोधडी शिवली जाते, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. मी शाळेत बत्तीस वर्षे चित्रकला शिकवली. रंगसंगतीविषयी मला जे खरोखर उमगले, त्यातील बराच भाग गोधडीने शिकवला आहे.

गोधडीला हिवाळाच मानवतो. आपल्या उन्हाळ्यात मांडीवर जाड कापड घेऊन बसवत नाही, पावसाळ्यात जुन्या कापडाचा दमटपणा जात नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र धुतलेली लुगडी दुपारपर्यंत खडखडीत वाळतात आणि कलत्या उन्हात गच्चीभर पसारा मांडून तासन् तास बसता येते.

परवाच आमच्या शेजारच्या आजी दोन मऊसूत नऊवारी लुगड्यांच्या थरांवर, चार कोपऱ्यांना विटा ठेवून, तुकडे लावून पाहत होत्या. हिरवा तुकडा चार बोटे कमी पडला. दुसरा हिरवा शोधण्याऐवजी त्यांनी लाल काठाची पट्टी फाडून तिथे आडवी लावली, बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग समोरच्या कोपऱ्यात, जिथे काहीच कमी नव्हते तिथेही, तशीच पट्टी ठेवली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “तो काठ एकटाच पडला होता न बाई, म्हणून त्याले सोबत दिली.” फळ्यावर मी वर्षानुवर्षे समतोल शिकवला, पण इतक्या नेमक्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नाही. कोऱ्या कागदापुढे काही सुचत नाही अशी तक्रार मुले करतात. गोधडीत मात्र कोरे असे काही नसतेच. प्रत्येक तुकडा आपला रंग, आपला विटकेपणा घेऊन येतो आणि जे कमी पडते तिथूनच पुढचा विचार सुरू होतो. त्यानंतर कडेपासून आत, बोटभर अंतराने धावदोऱ्याच्या ओळी येतात आणि त्यांनी पडलेल्या बारीक चुण्यांवर तिरपे ऊन आले की तोच लाल दोन छटांचा दिसतो.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया आपल्या ‘कवंदी’च्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात; त्यांच्याविना कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात, करणाऱ्यांच्या नावांसह, भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. गाडगेबाबांना ज्या विदर्भाने ‘गोधडे महाराज’ म्हटले, तिथे मात्र गेल्या वर्षी शहरातील एका प्रदर्शनात मी एक अप्रतिम गोधडी पाहिली आणि तिच्यासोबतच्या चिठ्ठीवर किंमत होती, शिवणारीचे नाव नव्हते. विचारले तर तेथील कोणालाही ते ठाऊक नव्हते. याचे मला अतिशय वाईट वाटले.

माझी विनंती अशी की १८६३ पासून उभ्या असलेल्या आपल्या अजब बंगल्याने, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाने, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राने दर हिवाळ्यात गोधड्यांसाठी एक दालन राखावे आणि प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचे नाव, गाव, वर्ष आणि त्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत हे लिहावे. आपणही संक्रांतीपर्यंत दर रविवारी एका गोधडीचे छायाचित्र नावासह छापावे. आजींची गोधडी तोवर पूर्ण होईल. छायाचित्र पाठवण्यास त्यांची संमती मी घेऊन ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
महाल, नागपूर