‘पाणी कुठनं आणतोस?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या खेळाचं पुस्तक अखेर पूर्ण झालं. नकाशे, नियम, पात्रं, सगळं एकत्र बांधून झालंय. त्यात तुमचं नाव छापू नको म्हणालात, म्हणून छापलेलं नाही. पण जाहीर आभार मानू नको असं काही म्हणाला नव्हतात, तेव्हा हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण गेम मास्टर होतो, आणि फासे टाकत सगळे मिळून एक गोष्ट घडवत नेतात. ती गोष्ट जिथं घडते ते जग आधी कुणीतरी उभं करावं लागतं. मला उभं करायचं होतं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, साल 1866. त्यात वाफेची यंत्रं तर हवीच होती, शिवाय जादूही हवी होती. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. त्याची चित्रं पाहिली तर पितळी चाकं, गॉगल लावलेले संशोधक आणि आकाशात तरंगणारी जहाजं दिसतात. भट्टीपाशी उभा असलेला माणूस त्या चित्रांत सहसा नसतो.

तुम्ही आयुष्यभर तिथंच उभे होतात. साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन झालं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो पाहुण्यांचा येतो. तो अग्नी हंगाम संपेपर्यंत रात्रपाळी करून सांभाळायचं काम तुमचं. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट तुमच्या भिंतीवर अजून आहे. मी माझा नकाशा तुमच्यापुढं पसरला तेव्हा तुम्ही मनोरे बघितले नाहीत, उडती जहाजं बघितली नाहीत. चष्मा वर सरकवून एवढंच विचारलंत, “एवढ्या इंजनांना पाणी कुठनं आणतोस? आणि राख कुठं टाकतोस?”

काका, त्या दोन प्रश्नांवर माझं अख्खं शहर उभं राहिलंय.

पाण्याच्या मागे लागलो तेव्हा 1866 हे साल किती भरलेलं आहे ते कळलं. 1858च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेलाही नाक धरून बसावं लागलं, आणि मग जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांना पैसा मिळाला. 1865 साली नदीच्या दक्षिणेला क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन सुरू झालं. तिथं चार अजस्र वाफेची इंजिनं. त्यांना नावं दिली राजघराण्यातल्या माणसांची: व्हिक्टोरिया, प्रिन्स कन्सॉर्ट, अल्बर्ट एडवर्ड आणि अलेक्झांड्रा. एकेकाचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक, 52 टनांचं. शहराची घाण उचलून टाकीत साठवायची आणि ओहोटी लागली की नदीत सोडायची, हे त्यांचं काम. पण पूर्व लंडनची घाण उचलणारं अ‍ॅबी मिल्सचं स्टेशन सुरू व्हायला 1868 उजाडलं. मधल्या 1866 मध्ये नेमक्या त्याच भागात पटकी (कॉलरा) आली आणि पाच हजारांहून जास्त माणसं गेली. पाणी पुरवणारी कंपनी सांगत होती की आम्ही पाणी गाळूनच देतो. आणि लोकांच्या नळात वाम मासे सापडत होते.

नळातला वाम मासा हा आमच्या पहिल्या साहसातला पहिला धागा आहे. खेळाडूंना तो एका धोबिणीच्या बादलीत सापडतो. तिथून माग काढत ते उघड्या जलाशयापर्यंत पोचतात, आणि तिथं माझ्या कल्पनेतले ‘नदीवाले’ भेटतात: ली नदीच्या गाळात राहणारी जुनी जमात, जिच्या मर्जीशिवाय या जगात पाण्याची वाफच होत नाही.

राखेचं उत्तरही सापडलं. लंडनमध्ये घरोघरची कोळशाची राख गोळा करून मोठ्या आवारांत तिचे ढीग घालत. बायका ते ढीग चाळत बसत, आणि बारीक राख विटा करायला मातीत मिसळत. म्हणजे शहर आपल्याच राखेतून बांधलं जात होतं. पुस्तकात त्या आवाराला एक अख्खं प्रकरण दिलंय. चाळणाऱ्या बायकांना शहरातली सगळी गुपितं ठाऊक असतात, कारण जाळलेली पत्रं शेवटी त्यांच्याच चाळणीत येतात.

आता जादूचे नियम. त्यांचं श्रेय तर संपूर्ण तुमचं. मला वाटत होतं की बॉयलर फुटतो तो दाब वाढून. तेव्हा तुम्ही बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला गेज ग्लासचं, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचं, चित्र काढलंत: उभी काच, वरचा कॉक वाफेचा, खालचा पाण्याचा, आणि सगळ्यात खाली ड्रेनचा. म्हणालात, दाबाचं भय आहेच, पण जास्त घात करतं ते कमी पाणी. आणि काच दाखवते म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही; ती आधी फुंकून घ्यायची. ड्रेन उघडून बंद केल्यावर पाणी झटकन वर आलं तर काच खरं बोलतेय. रेंगाळत आलं तर वाट कुठंतरी तुंबलीय. हे सांगताना तुमचा हात हवेतच कॉक फिरवत होता.

आमच्या खेळात आता प्रत्येक जादूगाराच्या कागदावर अशीच एक काच आहे. मंत्र टाकला की पाणी खाली जातं. पण खरी पातळी काय आहे ते फक्त गेम मास्टरला माहीत असतं. खेळाडूची काच तुंबलेली असू शकते. काच फुंकायची तर एक पाळी खर्ची पडते, आणि लढाईत तेवढी उसंत कुणाला असते? मागच्या खेळात एका मुलीचं पात्र लंडन ब्रिजवर पाठलागात सापडलं. तिच्या कागदावर अर्धी काच भरलेली दिसत होती. तिला शंका आली, तिनं पाळी खर्चून काच फुंकली, आणि मी पडद्यामागून सांगितलं की पाणी रेषेखाली आहे. बाकीचे एकसुरात ओरडले, “पाणी घाल!”

ती थांबली. तुमचा दुसरा नियम तिच्या लक्षात होता. पाणी उतरून पत्रा तापलेला असताना वर गार पाणी घालायचं नाही. आधी आग काढायची. तिनं भट्टी विझवली, हातातले सगळे मंत्र सोडून दिले आणि फक्त एक काठी घेऊन पुलावर उभी राहिली. टेबलाभोवती त्या क्षणी जी शांतता पसरली ती मी कुठल्याही राक्षसाच्या वर्णनानं आणू शकलो नसतो.

ज्यांना एवढा धीर धरवत नाही त्यांच्यासाठी फ्युजिबल प्लग आहे. पाणी हटलं की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ आगीवर येते. जादू जाते, जीव वाचतो.

दाब फार वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडून वाफ सोडतो; तो उघडू नये म्हणून त्यावर जादा वजनं टांगणाऱ्या मालकांबद्दल वाचून मी तुम्हाला फोन केला होता. त्या काळी इंग्लंडात बॉयलर फुटण्याचे अपघात इतके होत की 1854 साली मँचेस्टरात बॉयलर वापरणाऱ्यांनीच तपासणीसाठी एक संघटना काढली. अशा स्फोटांची सरकारी चौकशी करण्याचा कायदा मात्र 1882चा. म्हणजे आमच्या 1866 मध्ये तो नाही. एवढं ऐकून तुम्ही म्हणालात, “चौकशी झाली तरी नाव अटेंडंटचंच येतं.” तुम्ही आणखी काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुस्तकातलं मला सर्वांत आवडतं साहस त्या वाक्यातून आलंय. एका गिरणीचा बॉयलर फुटलाय, मालक मेलेल्या भट्टीवाल्यावर ठपका ठेवतोय, आणि त्याची विधवा खेळाडूंना म्हणते, त्यानं काच फुंकली होती, हे सिद्ध करा. ढिगाऱ्यात व्हॉल्व्हचा दांडा सापडतो. त्यावर दोन वजनं असतात.

उडत्या जहाजांवर तुम्ही काट मारणार असं मला वाटलं होतं. पण तुम्ही इंजेक्टरची आठवण काढलीत. पहिल्या नोकरीतल्या जुन्या बॉयलरवर तो होता; पंपाशिवाय, वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलतो. तो कुणी काढला म्हणून शोधत गेलो तर नाव निघालं आंरी जिफार. आणि याच माणसानं 1852 साली पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर हवाई जहाज उडवलं होतं! तीन अश्वशक्तीचं इंजिन, 27 किलोमीटरचा प्रवास, आणि वर वायूची पिशवी असल्यामुळे ठिणगी लागू नये म्हणून धुराडं खाली वळवलेलं. वाऱ्याविरुद्ध परत येणं त्या इंजिनाला जमलं नाही. आमच्या जगातली जहाजंही वाऱ्यापुढं हतबल आहेत आणि सगळ्यांची धुराडी खाली वळलेली आहेत. चित्रकारानं ती वर काढली होती, मी आग्रहानं बदलून घेतली.

आणखी एक. “तिथल्या भट्टीवर माणसं कुठली रे?” असं तुम्ही सहज विचारलं होतंत. पुस्तकात त्याचंही उत्तर आहे. लंडनच्या गोदीत हिंदी खलाशी मोठ्या संख्येनं होते, त्यांना लस्कर म्हणत, आणि लाइमहाऊसमध्ये 1857 पासून त्यांच्यासाठी एक निवारा होता. अमेरिकेतल्या यादवीमुळं लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला तेव्हा मुंबईहून गेलेल्या कापसावर किती पैसा फिरला आणि 1865 मध्ये मुंबईत तो कसा बुडाला, हेही आहे. त्या बुडीत घरातून बाहेर पडून बोटीवर चढलेला रत्नागिरीकडचा एक खलाशी हे आमच्या तयार पात्रांपैकी एक. व्हिक्टोरियन जग रंगवायचं आणि ते कुणाच्या जिवावर चाललं होतं ते सोडून द्यायचं, हे मला मान्य नव्हतं. तुमच्या प्रश्नानं त्याला जागा मिळाली.

छापील प्रत तुमच्या मुलाबरोबर पाठवतोय. चित्रांमध्ये कॉक उलटे लागले असतील तर पेन्सिलीनं खूण करा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. आणि एक नवी अडचण आहे. पुढच्या साहसात खेळाडूंना क्रॉसनेसचा एक थंड पडलेला बॉयलर एका रात्रीत पेटवून ओहोटीच्या आत इंजिन चालू करायचंय. घाई केली तर आधी काय बिघडेल, कुठून गळायला लागेल, आणि पत्रा कसा आवाज करतो, हे मला क्रमानं हवंय. रविवारी दुपारी फोन करू का?

काकूंना नमस्कार सांगा.

आपला नम्र,
तुमच्या मुलाचा मित्र